ब्लेंडेड म्हणजे भेसळ नव्हे

भंडारा, तुमसर, साकोली, कुठेही चार मित्र संध्याकाळी बसले की एक सल्ला हमखास ऐकू येतो. नोकरीला लागून काही वर्षं झालेला एखादा तरुण म्हणतो, नेहमीची ठेवून एकदा स्कॉच घेऊन पाहावी. लगेच नागपूर-पुण्याचं पाणी प्यालेला कुणी जाणकार त्याला अडवतो : "घ्यायची त बारा वर्षांची सिंगल माल्टच घे, नाही त राहू दे. बाकीची सगळी भेसळ आहे." तरुण गप्प होतो. मग तो आपल्या नेहमीच्या क्वार्टरकडे वळतो, नाहीतर न परवडणारी बाटली उसनवारीनं घेऊन येतो आणि ती आवडली नाही हे कुणाला सांगतही नाही.

या सल्ल्यानं पैसे जातात आणि माणसाचा आपल्याच जिभेवरचा विश्वासही जातो, म्हणून तो मुद्देसूद खोडून काढायला हवा. माझं म्हणणं असं : हातात मोजके पैसे असलेल्या नवशिक्यानं सुरुवात भारतात बाटलीबंद होणाऱ्या ब्लेंडेड स्कॉचनं करावी, तीही लहान बाटलीनं. ही तडजोड नाही. शिकण्याचा योग्य रस्ता तोच आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. जो पीत नाही त्यानं हे वाचून पिऊ नये. दारूचं कोणतंच प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्या लाखांदूरच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे बायकांनी सोसलेलं काय काय आहे, ते या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा लेख जो आधीच घेतो, कायद्यानं घेऊ शकतो आणि कमी पण बरी घ्यावी असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी आहे.

आता 'भेसळ' या आरोपाकडे येऊ. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भट्टीत गाळलेली व्हिस्की. ब्लेंडेड स्कॉच म्हणजे अशा अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्ट व्हिस्की आणि गहू-मक्यापासून उंच स्तंभाच्या भट्टीत काढलेली ग्रेन व्हिस्की यांचा मेळ. दोन्हींना मूळ नियम एकच आहे. स्कॉटलंडमध्येच गाळायची, तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवायची आणि ४० टक्क्यांच्या खाली उतरवायची नाही. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या ब्रिटिश नियमावलीत पाच प्रकार सांगितले आहेत आणि ब्लेंडेड स्कॉच त्यांतला एक आहे. तिच्यात साध्या स्पिरिटचा थेंब घालायलाही परवानगी नाही. मग भेसळ कशात आहे?

जाणकारांच्या या शंकेला शंभर वर्षं होऊन गेली आहेत आणि तिचा निकालही लागलेला आहे. लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या पालिकेनं १९०५ मध्ये दारू विक्रेत्यांवर खटले भरले. स्तंभाच्या भट्टीतला माल व्हिस्की म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, असं तिचं म्हणणं होतं. पहिल्या फेरीत विक्रेते हरले. प्रकरण इतकं पेटलं की 'व्हिस्की म्हणजे काय' हे ठरवायला १९०८ मध्ये रॉयल कमिशन नेमावं लागलं. १९०९ मध्ये कमिशननं सांगितलं की ग्रेन आणि ब्लेंड हीसुद्धा व्हिस्कीच. लंडनमध्ये मिटलेला वाद आपण २०२५ नंतरच्या भंडाऱ्यात पुन्हा का मांडतोय?

इतिहास आणखी मागे नेला तर जाणकारांची बाजू जास्तच लंगडी पडते. जगाला स्कॉच कळली ती ब्लेंडमुळे. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिश्रणाचं हे काम व्यापारी पातळीवर सुरू केलं. जॉन वॉकर हा किलमारनॉकचा किराणा दुकानदार. विल्यम टीचर ग्लासगोचा. विल्यम सँडरसननं १८८२ मध्ये शंभरेक वेगवेगळी मिश्रणं करून जाणत्या लोकांपुढे ठेवली. त्यांनी जे पिंप निवडलं त्याचा क्रमांक ६९ होता, म्हणून त्या मिश्रणाचं नाव व्हॅट ६९, अशी हकिकत कंपनी सांगते. सिंगल माल्ट हे नाव पुढे करून परदेशात जोरानं विकायला सुरुवात झाली ती १९६३ मध्ये, ग्लेनफिडिकपासून. त्याआधी बहुतेक डिस्टिलऱ्यांचा माल ब्लेंडर लोकांकडेच जात असे. आजही स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या स्कॉचमध्ये सर्वांत मोठा वाटा ब्लेंडेडचा आहे. 'खरी स्कॉच' म्हणून ज्या परंपरेचं नाव घेतलं जातं ती ब्लेंडेडची परंपरा आहे.

टीचर्सचं उदाहरण मला विशेष सांगावंसं वाटतं, कारण ती आपल्याकडच्या दुकानात बहुधा मिळते आणि तिच्याकडे हमखास नाक मुरडलं जातं. या ब्लेंडला धुरकट माल्ट कायम मिळावं म्हणून टीचर घराण्यानं १८९८ मध्ये आर्डमोर नावाची स्वतंत्र डिस्टिलरी उभारली. ती अजून चालू आहे. जव वाळवताना पीट म्हणजे दलदलीत साचून कुजलेल्या वनस्पतींची माती जाळायची, म्हणजे तो धूर दाण्यात उतरतो. एका मिश्रणाच्या एका छटेसाठी पूर्ण डिस्टिलरी बांधणाऱ्यांना भेसळ करणारे म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप थोडा जास्त चलाख आहे. "ब्लेंडेड ठीक आहे, पण ती इथे भरलेली असते. इथे पाणी मारतात." हे ऐकलं की मला बाटली उलटी धरून मागचं लेबल दाखवावंसं वाटतं. टीचर्स, १०० पायपर्स, व्हॅट ६९, ब्लॅक अँड व्हाईट या नावांचा माल भारतात मोठ्या प्रमाणावर टाक्यांतून येतो आणि इथे बाटलीत भरला जातो. मुरवण तिकडेच पूर्ण झालेली असते. पिंपातून निघालेली व्हिस्की पाणी घालूनच पिण्याजोगी केली जाते. स्कॉटलंडमध्येही तेच करतात आणि तिथेही बहुतेक वेळा क्षार काढलेलं पाणीच वापरतात. भारतात भरलेल्या या बाटल्यांवर साधारणपणे ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. टीचर्स ब्रिटनमध्ये ४० टक्क्यांची मिळते. म्हणजे पाणी जास्त कुठे आहे, ते आकड्यांतच दिसतं.

इथे भरल्यामुळे किंमत का उतरते तेही समजून घेतलं पाहिजे, कारण 'स्वस्त म्हणजे हलकी' हा समज तिथूनच येतो. परदेशातून येणाऱ्या मद्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ते मालाच्या किमतीवर लागतं. टाकीतून आलेल्या मालाची किंमत म्हणजे फक्त आतल्या द्रवाची किंमत. भरलेली बाटली आली की काच, लेबल, खोका, तिथली मजुरी, तिथला नफा, सगळ्यावर कर चढतो. सिंगल माल्टला ही सवलत मिळणं शक्यच नाही, कारण २०१२ च्या अखेरीपासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरण्याची सक्ती आहे. त्यानंतर राज्याचं उत्पादन शुल्क लागतं. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं हे शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं आणि काही नामांकित बाटल्यांच्या किमती सुमारे एक तृतीयांशानं खाली आल्या. आतली व्हिस्की आदल्या दिवशी होती तीच होती. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटननं सही केलेल्या व्यापार करारात सीमाशुल्क आधी ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर आणण्याचं ठरलं आहे. जी किंमत अधिसूचनेनं वरखाली होते, तिच्यावरून चव कशी ठरवायची? जाणकार ज्याला दर्जा म्हणतात त्याचा बराच भाग शुल्काची पावती आहे.

उलट बाजूनंही पाहा. जून २०२५ मध्ये राज्यानं साध्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं. १८० मिलीची किमान किंमत अशा मद्यासाठी २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. म्हणजे वाढीचा भार मुख्यतः खालच्या थरावर आला आणि साधी व्हिस्की व पहिल्या पायरीची स्कॉच यांतलं अंतर पूर्वीइतकं राहिलं नाही. आठवड्याला तीन क्वार्टर साधी घेणाऱ्यानं एकच क्वार्टर स्कॉचची घेतली तर खिसा आणि यकृत दोन्हींवरचा भार हलका होतो. "गरिबानं स्कॉचच्या नादी लागू नये" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडून पाहावा.

मात्र लेबल वाचण्याची सवय नवशिक्याला लावून घ्यावीच लागेल. फसवणूक ब्लेंडमध्ये नाही, नावांत आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीतला मोठा भाग मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या शुद्ध स्पिरिटचा असतो. युरोपात मळीच्या मालाला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. आपल्याकडच्या या मालात थोडं आयात स्कॉच माल्ट मिसळलं की समोरच्या लेबलावर स्कॉच हा शब्द कुठेतरी बारीक अक्षरांत येतो. वर किल्ला, हरीण, स्कॉटिश आडनाव. बंगळुरूच्या पीटर स्कॉट या देशी व्हिस्कीच्या नावावरून स्कॉच व्हिस्की असोसिएशनशी झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००८ मध्ये तिथे असोसिएशन हरली, मुख्यतः आक्षेप घ्यायला फार उशीर केला म्हणून. ते नाव आजही चालू आहे. त्यामुळे नावावर जाऊ नका. 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' असे सलग शब्द आणि ती स्कॉटलंडमध्ये गाळून मुरवल्याचा उल्लेख लेबलावर सापडला तर ती स्कॉच. 'स्कॉच माल्टयुक्त' असं काही लिहिलेलं असेल तर ती भारतीय व्हिस्की. ती वाईट असेलच असं नाही, पण स्कॉच म्हणून तिचे पैसे देऊ नका. दुकान परवानाधारकच असावं, सीलवर उत्पादन शुल्काचं लेबल असावं आणि बिल मागावं. ओळखीतून, कॅन्टीनची म्हणून, अर्ध्या किमतीत घरपोच येणारी उंची स्कॉच कितीही ओळखीच्या हातून आली तरी घेऊ नका. उंची नावाच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरल्या जातात, कारण मोह तिथेच जास्त असतो.

वयाचा बाऊ तर काढूनच टाकला पाहिजे. बाटलीवर १२ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच, की आतली सर्वांत कोवळी व्हिस्की बारा वर्षांची आहे. आकडाच नसेल तर किमान तीन वर्षं नक्की. जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली असं काही गणित नाही. पिंप कसं आहे, आधी त्यात काय होतं, ते कितव्यांदा भरलंय, यावर सगळं ठरतं. आमच्याकडे धान पिकतो. नव्या तांदळापेक्षा वर्षभर जुना तांदूळ मोकळा शिजतो हे प्रत्येक घरात माहीत आहे, पण म्हणून कुणी वीस वर्षं जुन्या चिन्नोरच्या मागे लागत नाही. दुबईहून भाच्यानं आणलेली बाटली शोकेसमध्ये दहा वर्षं ठेवून ती 'जुनी' होत असल्याचं सांगणाऱ्यांनाही एवढंच सांगायचं की बाटलीत व्हिस्की मुरत नाही. उन्हात राहिली तर बिघडते मात्र. आमच्या मे महिन्याच्या उकाड्यात ती शोकेसमधून काढून अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा.

उकाड्यावरून पुढचा हट्ट आठवला : नीटच प्यायची, पाणी-बर्फ घातला तर अपमान. असा अपमान कुणाचा होतो? व्हिस्कीचा वास घेऊन मिश्रण ठरवणारे ब्लेंडर स्वतः नमुन्यात पाणी घालतात. ती सुमारे २० टक्क्यांवर आणून वास घेतात, कारण जास्त अल्कोहोलनं नाक बधिर होतं. एडिंबरोच्या हवेत खोलीच्या तापमानाची व्हिस्की वेगळी आणि नवतपातल्या पवनीत पंख्याखाली बसून तीच व्हिस्की वेगळी. इथे थंड पाणी घालणं शहाणपणाचं आहे. नुसता कोला ओतू नये, एवढं मी म्हणेन, कारण मग कोलाचीच चव लागते आणि स्कॉचचे पैसे पाण्यात जातात. चकण्याचंही तसंच. सावजी रश्श्यानं जीभ पेटलेली असताना कुठलीच व्हिस्की कळणार नाही. पहिला घोट जेवणाआधी घ्या, सोबत खारे शेंगदाणे पुरेत.

आणि आता ज्या वाक्यानं मला सर्वांत जास्त राग येतो ते : "तुम्हाला त्यातलं काय कळणार?" इंग्रजी पुस्तकांत स्कॉचच्या वासाला हेदरची फुलं, मार्मालेड, समुद्री शेवाळ अशी नावं दिलेली असतात. ती वाचून आमच्या माणसाला वाटतं, आपण हे हुंगलेलंच नाही, म्हणजे आपल्याला नाक नाही. पण ज्यानं मार्चच्या पहाटे झाडाखाली पडलेल्या मोहफुलांचा ओला गोड वास घेतलाय, ज्याच्या घरी विडीच्या तेंदूपानांचे पुडके होते, कापणीनंतर शिवारात पेटलेल्या तणसाचा धूर कपड्यांत घेऊन जो घरी आलाय, त्याच्या नाकाला कुणी अडाणी म्हणू नये. टीचर्समधला धूर त्याला पहिल्या दिवशी ओळखू येईल. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये ग्रेनचा हलका गोडवा जाणवेल, कदाचित त्याला तो गुळासारखा वाटेल. ते बरोबर आहे. स्कॉटिश माणूस त्याच्या स्वयंपाकघरातली नावं देतो, आपण आपल्या. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला तर आणखी एक गोष्ट पटकन समजेल. भट्टी तांब्याची असते, कारण तांबं वाफेतली गंधकाची दुर्गंधी ओढून घेतं. तांब्याचा हा गुण कळायला कुणी स्कॉटलंडला जाऊन यायला नको.

मोहाचा विषय निघालाच आहे तर एक बाजूची गोष्ट. स्कॉटलंडच्या डोंगरातली व्हिस्की एकेकाळी मोहाच्या दारूसारखीच लपूनछपून गाळली जायची, सरकारी माणसांपासून दडवली जायची. १८२३ च्या कायद्यानं शुल्क कमी केलं आणि लहान भट्टीला परवाना मिळण्याची वाट खुली केली. पुढच्याच वर्षी ग्लेनलिवेटच्या जॉर्ज स्मिथनं परवाना घेतला आणि आज जग त्या खोऱ्याचं नाव घेतं. आपल्याकडे इंग्रजांनी १८९२ च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलं गोळा करण्यावरच बंधनं आणली. शेजारच्या मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून जागा दिली. आमच्या झाडीपट्टीतल्या मोहाला ती कधी मिळणार, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण गावच्या मोहाला नाक मुरडायचं आणि परदेशी लेबलापुढे हात जोडायचे, ही सवय एकाच मुळातून येते. ब्लेंडेड स्कॉचला हलकी म्हणणाऱ्यांचं मूळही तेच आहे.

कुणी म्हणेल, मग भारतीय सिंगल माल्ट का नको? बंगळुरूची अमृत २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन विकली गेली. गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री, या व्हिस्की जगात मानाच्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. इथल्या उष्ण हवेत पिंपातून दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के. त्यामुळे मुरवणही वेगानं होते. पण त्यांची बाटली पहिल्या पायरीच्या ब्लेंडेड स्कॉचपेक्षा महाग पडते. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. एका बारा वर्षांच्या सिंगल माल्टच्या पैशांत ब्लेंडेड स्कॉचच्या दोन पूर्ण बाटल्या येतात, हा फरक नवशिक्यासाठी फार मोठा आहे. एकच बाटली घेतली तर तुलना करायला दुसरी नसते. आणि तुलनेशिवाय चव शिकता येत नाही.

म्हणून करायचं ते असं. तीन मित्रांनी तीन वेगळ्या नावांच्या १८० मिलीच्या बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीतून थोडी थोडी, तीसेक मिलीची वाटणी, नावं झाकून. कुठली आवडली ते ठरल्यावरच झाकण काढावं. उरलेली बंद करून पुढच्या महिन्यासाठी ठेवावी, एका रात्रीत संपवायची नाही. सँडरसननं १८८२ मध्ये चाखून निवडण्याचा असाच प्रयोग केला होता. परमिट रूममध्ये हा प्रयोग करू नका, तिथे पेगाचा दर वेगळा आणि वर १० टक्के व्हॅट. घरी करा, घरच्यांच्या संमतीनं. महाराष्ट्रात यासाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवाना हवा, तो घ्या. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे नातेवाइकांच्या लग्नाला निघाला असाल तर बाटली घरीच ठेवा.

शेवटी भंडारा, तुमसर, साकोलीच्या दुकानदारांना विनंती. काचेमागे सर्वांत वर सिंगल माल्टची रांग असते, खाली साध्या व्हिस्कीच्या क्वार्टर असतात आणि ब्लेंडेड स्कॉच बऱ्याच ठिकाणी फक्त पूर्ण बाटलीत मिळते. तिच्या १८० मिलीच्या बाटल्या मागवून ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या हाती मागचं लेबल वाचायला द्या. तेवढं केलंत तरी नवशिक्याला कुणा जाणकाराला विचारावं लागणार नाही.